पितळेचा बुश

८ जून २०२५, रविवार

उपाशी १६२, जेवणानंतर २३८.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रोजची साखर लिहायची आणि काय खाल्लं तेही लिहायचं. साखर लिहीन. खाल्लेलं लिहायला मी काय लग्नाचा आचारी आहे? दवाखान्यात जाताना आकडे वेगळ्या कागदावर उतरवून नेईन. वही लेथच्या खालच्या खणात राहील. तिथे चंपा हात घालत नाही, ग्रीस लागतं म्हणून.

म्हणजे इथे खरं लिहायला हरकत नाही. मागच्या खेपेला बाईंनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत विचारत गेल्या, कळतंय का? मी डोळे किलकिले ठेवले होते. दोरा टेकला की हो म्हणायचो. तरी त्यांना संशय आलाच. घरातसुद्धा मऊ रबराची जाड चप्पल घालूनच वावरायचं, असं फर्मान निघालं. चंपाला ते अजिबात खपत नाही. बुद्धमूर्तीसमोरून चप्पल घालून जाता, लाज नाही वाटत, म्हणते.

हातांचं बाईंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. आधी उजव्या हाताची बोटं बधिर झाली, मग डाव्याची. शर्टाची गुंडी लावताना आता खाली बघावं लागतं. एकतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. साहेब लोक माप घ्यायच्या आधी मला बोलवायचे, राजाराम, जरा हात फिरव. ते हे हात. कंपनी बंद पडली तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. हे मी कोणालाही सांगणार नाही.

१२ जून, गुरुवार

शीतलची मैत्रीण मानसी आली होती. दोघी कॉलेजात एकत्र होत्या. आमची शीतल लॅबमध्ये रक्त तपासते, ही लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. आता नोकरी सोडून घरीच स्वतःचं काम सुरू करणार आहे, त्यासाठी मोठा कॉम्प्युटर जुळवतेय. आतले सगळे भाग घेऊन झालेत. फक्त ते बसवायला कॅबिनेट हवं, आणि बाजारातलं एकही तिला पसंत नाही.

"काच नको काका, दिव्यांची जत्रा नको. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि पितळेचे कोपरे. रंग पण नको, धातू दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "कुठल्या कारखान्यात होतीस गं तू?"

शीतल म्हणाली, "पप्पा, जमेल ना? लेथ नुसती धूळ खात पडलीय."

जमेल ना, म्हणे! गॅलरी बंद करून मी तिथे छोटी लेथ, ड्रिल आणि व्हाइस बसवलाय, सगळं कंपनीच्या लिलावातलं. चंपाने त्याला राजारामचं म्युझियम असं नाव ठेवलंय. चार वर्षांत माझ्याकडे कोणी काही बनवून मागितलं नव्हतं. आज आनंदात दीड भाकरी जास्त गेली. उद्याच्या आकड्यात चोरी पकडली जाईलच.

२१ जून, शनिवार

उपाशी १७४.

पत्रे कापून, वाकवून झाले. काटकोन बघितला, उजेडाची रेघसुद्धा आरपार जात नाही. झकास! पंतनगरात आजच्या घडीला असा काटकोन काढणारा दुसरा माणूस दाखवा, मी लेथ त्याला देऊन टाकतो.

पत्र्यावर लाल ठिपके दिसले. आधी वाटलं, ग्रीस कुठून गळतंय? बघतो तर माझा डावा अंगठा चांगला अर्धा इंच कापलेला. केव्हा कापला कोण जाणे. चंपाला म्हटलं, बाटलीचं झाकण लागलं. तिने हळद दाबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी ओय का म्हणत नाही म्हणून. मग मी ओय म्हटलं.

२८ जून, शनिवार

उपाशी १५५.

मानसीला पाठीमागे वायरींचं जंजाळ नको. म्हणून विजेची वायर मागच्या पत्र्यातून सरळ आत घ्यायची असं ठरलं. वायर जिथून आत शिरते तिथे पितळेचा बुश. बुश म्हणजे भोकात बसवलेलं कडं, दुसरं काही नाही. पण हे कडं मी लेथवर बाहेरून असं वळवलंय की बघणाऱ्याने आधी त्यालाच हात लावावा. वायर त्यात घट्ट बसते, ओढली तरी हलत नाही.

टूलरूमची सवय अशी, की एक नग करताना जोडीला दुसरा करायचाच. एक बिघडला तर हाताशी असावा. तसे दोन केले, एकाच सेटिंगवर. एक पत्र्यात बसवला, एक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

धातू कापला की कडेला बारीक धारदार दाढी उरते. तिला आम्ही बर म्हणतो. बाहेरची बर दिसते, कानस मारली की जाते. भोकाच्या आतली दिसत नाही, ती बोटानेच शोधायची असते. बर सोडणाऱ्या फिटरला आमच्याकडे फिटर म्हणत नसत. दोन्ही बुशांत करंगळी घालून फिरवली. गुळगुळीत. काहीसुद्धा लागलं नाही.

सुबोध चहाला आला होता. तो कंपनीत इलेक्ट्रिशियन होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण अक्कल शिकवण्यात सगळ्यांचा बाप. बुश बघून म्हणाला, "आतून रबराची रिंग टाक राजा. वायर घासून सोलेल."

"नटलेल्या नवरीला रेनकोट घालू काय?"

"अरे पण वायर आहे ती. करंट आहे त्यात."

"आणि हे माझ्या हातचं काम आहे." तो चहा पिऊन गेला. वायरमन लोकांना सगळीकडे आगच दिसते.

३ जुलै, गुरुवार

उपाशी १६०.

आज कॉम्प्युटर चालू केला! मानसीने आतले भाग स्वतः जोडले, मी वायर जोडली. गॅलरीचा बोर्ड जुना, दोन पिनांचा, आणि वायरीत तारा तीन. दोन पिनांचा प्लग लावून दोन तारा जोडल्या, हिरवी उरली ती मुळापासून छाटून टाकली. आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या भोकामागे तसंही काही नसतं. रीडेव्हलपमेंट होणार, होणार, म्हणून दहा वर्षांत वायरिंगला कोणी हात लावलेला नाही. मानसी म्हणाली, तिच्या घरीही बोर्ड दोन पिनांचेच आहेत. मग प्रश्नच मिटला.

पंखा असा हळू फिरतो की कान लावावा लागतो. मानसीने दोन्ही तळवे पितळेच्या कोपऱ्यांवर ठेवले आणि झटकन उचलले.

"आई गं! मुंग्या आल्या काका."

मी लगेच हात लावून बघितला. तळवे दाबून ठेवले, दहा आकडे मोजले. काही नाही. तिलाच म्हटलं, रात्रभर जागतेस, झोप काढ, मुंग्या जातील. ती हसली.

ती गेल्यावर चंपा लादी पुसत होती, तिचं कोपर कॅबिनेटला टेकलं.

"अहो, चावतंय हे."

"कॉम्प्युटर आहे, कुत्रं नाही."

पुन्हा हात लावला. काहीच नाही. या घरात बायकांना सगळंच चावतं.

१३ जुलै, रविवार

उपाशी १७१.

रिक्षाने मुलुंडला जाऊन कॅबिनेट पोचवलं. घाटकोपर ते मुलुंड ते मांडीवर घेऊन बसलो होतो, ताज्या बाळंतिणीसारखा. शीतल हसून बेजार.

मानसीचं घर तळमजल्यावर आहे. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हाताला ओल येते, लादीसुद्धा घाम आल्यासारखी. मी चप्पल काढली नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर तिची आई म्हणाली, असू दे हो, असू दे. आई दिवसभर शाळेत असते, मानसी घरी एकटीच. खुर्चीत पाठ धरते म्हणून ती खाली बसकुरावर बसून काम करते, समोर बैठं टेबल, आणि कॅबिनेट गुडघ्याला लागून. पहिलं मोठं काम तिला मिळालंय. ते वेळेवर गेलं तर पुढचं वर्षभर बघायला नको.

निघताना वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, जयभीम पुरे. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शीतलने बघितलं नसावं.

२२ जुलै, मंगळवार

उपाशी १५८.

मानसीचा फोन. ती म्हणाली, "काका, चावतं हो तुमचं कॅबिनेट. आंघोळ करून आले की जास्तच."

मी समजावलं की नवा धातू आहे, दमट हवा आहे, होतं असं थोडं. असं होतं की नाही हे मला तरी कुठे माहीत आहे? पण फोनवर काहीतरी सांगावं लागतं.

मग म्हणाली, पितळ काळवंडतंय. ते मला माहीत होतं. सांगितलं, चिंच भिजत घाल, तिच्या कोळाने पितळ चोळ आणि ओल्या फडक्याने पूस. आपल्या आया तांब्या घासायच्या तसं. पाहुणे बघत राहतील असं चकाकेल. ती म्हणाली, हे काम संपलं की पहिलं तेच करते, तोवर कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच ठेवावा लागतोय.

२९ जुलै, मंगळवार

उपाशी १८८. का, ते लिहीत नाही.

मानसीचा पुन्हा फोन. मागे वायर नीट करायला हात घातला तर कोपरापर्यंत झटका बसला म्हणे. आवाज बारीक झाला होता तिचा. म्हणाली, "काका, येऊन बघाल का एकदा?" मी म्हटलं, येतो, रविवारी बघू. खरं सांगायचं तर राग आला. तिसऱ्यांदा तेच! इतकं मन लावून केलेल्या कामात खोट काढायची आणि पुन्हा काका काका करायचं.

रागाच्या भरात सुबोधला फोन लावला, त्याने तरी माझी बाजू घ्यावी म्हणून. त्याने पहिला प्रश्न विचारला, "हिरवी कुठे जोडलीस?"

कापली म्हटल्यावर तो जो सुरू झाला. "वाट लावलीस रे! ती तार कशाला असते माहितीय का? आत कुठे वायर सोलली तर करंट त्या तारेतून जमिनीत जातो. तू रस्ताच तोडलास. आता करंट पेटीवर येणार आणि हात लावेल त्याच्या अंगातून जमिनीत जाणार. पोरगी खाली बसते, अनवाणी, ओल्या लादीवर. आत्ताच्या आत्ता तिला बंद करायला सांग."

"आत वायर सोलायला बर लागते सुबोध. माझ्या कामात बर नसते. मी स्वतः हात लावून बघितलाय, एकदा नाही, दोनदा."

"राजा, हट्ट सोड यार."

मी फोन ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. त्याच्या खात्याची लोकं मशीन जळलं की नेहमी फिटरकडे बोट दाखवायची.

रविवारी पाऊस फार होता. गेलो नाही. ३ ऑगस्टची नोंद, उशिरा लिहितोय.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळची साखर तपासली नाही.

शीतल कामावर निघता निघता खिडकीशी फोनवर बोलत उभी होती. कट्ट्यावरचा तो जोडीचा बुश तिने उचलला आणि चाळा म्हणून बोटात घातला, अंगठीसारखा. फिरवला आणि किंचाळली.

"पप्पा! आत ब्लेड ठेवलंय का?"

बोटाभोवती गोल चीर. रक्त थांबेना. चंपाने कापूस बांधला. मी बुश बॅटरीच्या उजेडात धरला, भिंग लावलं. आतल्या कडेला पूर्ण गोल फिरलेली बर. पातळ, उभी, करवतीच्या दात्यांसारखी. त्यात मी माझी करंगळी फिरवली होती. आत्ता पुन्हा फिरवली. काहीच लागलं नाही. करंगळी बाहेर काढली तर लाल झालेली.

एकाच सेटिंगवर केलेत दोन्ही. जे याच्या आत आहे तेच मुलुंडला त्या वायरीभोवती आहे, घट्ट, आणि पंखा चालू असला की पत्रा थरथरतो. पाच आठवडे झाले.

लगेच फोन करायला हवा होता. हातात घेतला होता. काय सांगू? बंद कर म्हटलं तर का विचारेल. ‘का’चं उत्तर एकच आहे आणि ते दिलं की मी संपलो. शेवटी मेसेज पाठवला, कॉम्प्युटरला दोन दिवस विश्रांती दे. तिचं लगेच उत्तर आलं, "नाही जमणार काका, शनिवारी द्यायचंय सगळं 😊". मी पुढे काही लिहिलं नाही.

ठरवलंय ते असं. नवा बुश बनवायचा. रविवारी पॉलिशचं निमित्त काढून जायचं, गुपचूप बुश बदलायचा, वायर बदलायची, हिरवी तारही कुठेतरी जोडायची. कोणाला काही कळायला नको. पाच आठवडे काही झालं नाही, चार दिवसांत काय होतंय?

८ ऑगस्ट, शुक्रवार

उपाशी १९६.

नवा बुश तयार आहे. तीनदा आतून कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला. भिंगाखाली बरा दिसतो. पण भोकाच्या मधल्या भागात नजर पोचत नाही आणि बोटाला काही सांगता येत नाही. अर्धा तास तो हातात घेऊन बसलो. शीतलला हाक मारली, तिने काय विचारलं, मी म्हटलं, काही नाही, चहा ठेव.

एक युक्ती केली. चंपाच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा आतून ओढला. अडकला नाही. मग दुसऱ्या टोकाने ओढला, अडकला. फाटला. पुन्हा कानस.

चंपा विहारातून आली. वर्षावास चालू आहे, रोज दुपारी वाचन असतं. आज चौथ्या शीलावर होतं. भन्तेजींनी सांगितलं म्हणे, खोटं बोलणं म्हणजे फक्त बोलणं नाही, जे बोलायला हवं ते गिळणंही त्यातच आलं. मी म्हटलं, तुमच्या भन्तेजींना घरसंसार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? दोन दिवस जेवताय का बघतेय मी." मी लेथ चालू केली. लेथच्या आवाजात बोलता येत नाही.

रात्री स्वप्न वगैरे काही पडलं नाही, कारण झोपच लागली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मानसीचा फोटो आला. स्टीलच्या वाडग्यात भिजलेली चिंच, मागे कॅबिनेट, त्याचा छोटा दिवा लागलेला. खाली लिहिलेलं, "काम पाठवलं काका!!! अपलोड होतोय तोवर तुमचं पितळ घासायला घेते."

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मी काचेवर भलतीकडेच बोट दाबत होतो, तिसऱ्यांदा भलत्यालाच लागला. तो तोडून परत लावला. सहा वेळा वाजला. सातव्यांदा उचलला.

"बोला काका, स्पीकरवर टाकलाय, हात चिंचेचे आहेत."

"हात काढ."

"काय?"

"कॅबिनेटला हात लावू नकोस. मागे सर. लांब हो आधी."

"अजून लावला नाहीये. घेतच होते... काय झालं काका?"

"हात पूस, कोरडे कर. चप्पल घाल. मीटरजवळचा मेन स्विच पाड. बोर्डाला हात नको, वायरीला नको, मेन पाड. मी फोनवर आहे."

पावलांचा आवाज. खटका. छताचा पंखा थांबल्याचं ऐकू आलं, इतक्या लांबून. मग ती परत आली.

"अपलोड तुटला," ती म्हणाली. "आता सांगा. का?"

मी सांगितलं. बुशाच्या आत बर आहे, ती वायर कापतेय, हिरवी तार मी छाटली. ती म्हणाली, पण तुम्ही तर हात लावून बघितला होता, माझ्यासमोर. मी म्हटलं, माझ्या बोटांना कळत नाही. दोन वर्षं झाली. पायात रबराची चप्पल होती, ती काढली असती तरी मला कळलं नसतं.

"आणि बर आहे हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं?

"बुधवारी."

ती म्हणाली, "मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं." रडत नव्हती, ओरडतही नव्हती. मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

सुबोधला लावला. तो एवढंच म्हणाला, पत्ता पाठव, मी निघतो. एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

मागे वळलो तर चंपा गॅलरीच्या दारात. आज पौर्णिमा, विहारातून नुकतीच आलेली, अंगावर पांढरी साडी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, तू कधी आलीस? ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं टोक नखाने दाबलं.

"हे कळतंय?"

"नाही."

"डोळे मिटा. नीट मिटा. हे?"

"नाही."

"हे?"

मधल्या बोटाला काहीतरी लांबून आल्यासारखं वाटलं, पण ते मी हो म्हणावं इतकं नव्हतं. नाही म्हटलं. चौथं, नाही. करंगळी, नाही. तिने हात हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, "आता डावा द्या."